चिनी वैद्यकाचे विद्यापीठीय शिक्षण : १९५६ ची चार महाविद्यालये

परंपरेने चालत आलेली विद्या विद्यापीठाच्या चौकटीत बसविली असता तिचे रक्षण होते की रूपांतर, हा प्रश्न आधुनिक आशियाच्या शिक्षणेतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. शुद्ध आणि मिश्र आयुर्वेदशिक्षणाचा वाद ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी अभ्यासकांस तो अपरिचित नाही. चीनमध्ये या प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते १९५६ साली. त्या वर्षी बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि चेंगदू या चार नगरांत चिनी वैद्यकाची शासकीय महाविद्यालये स्थापन झाली. प्राचीन परंपरेला मिळालेली राजमान्यता असा या घटनेचा अर्थ सामान्यतः लावला जातो. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे; कारण या महाविद्यालयांत शिकविल्या गेलेल्या विद्येची मांडणी, तिचे पाठ्यग्रंथ आणि तिची अध्यापनपद्धती ही बव्हंशी नव्याने घडवावी लागली.

चीनमध्ये राजदरबाराच्या आश्रयाने चालणारे वैद्यकशिक्षण तांग राजवटीतही होते. तथापि बहुसंख्य वैद्य घडत ते घराण्यात किंवा गुरूच्या सान्निध्यात. शिष्याने ‘ह्वांगदी नेइजिंग’ आणि हान राजवटीच्या अखेरीस झालेल्या जांग जोंगजिंगचा ‘शांगहान लुन’ यांसारखे ग्रंथ मुखोद्गत करावेत, गुरू रोग्याची नाडी पाहत असता जवळ बसावे, त्याचे औषधयोग उतरवून घ्यावेत, आणि अशा रीतीने वर्षानुवर्षांच्या सहवासातून विद्या आत्मसात करावी, असा हा क्रम होता. एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा आणि सर्वमान्य पदवी यांना त्यात स्थान नव्हते.

१९१२ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर शिक्षण मंत्रालयाने वैद्यकशिक्षणाचे जे नियम केले त्यांतून चिनी वैद्यक सर्वस्वी वगळले गेले. त्याला उत्तर म्हणून वैद्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. शांघायमध्ये दिंग गानरेन या वैद्याच्या पुढाकाराने १९१६ साली उभी राहिलेली शाळा आणि ग्वांगदोंग प्रांतातील १९२४ ची शाळा या त्यांपैकी प्रमुख होत. या संस्थांवर खरे संकट आले ते १९२९ मध्ये. जपानमध्ये आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेले यू युनश्यू यांनी नानजिंग सरकारच्या आरोग्य समितीपुढे जुन्या वैद्यकाच्या उच्चाटनाचा प्रस्ताव मांडला. विद्यमान वैद्यांची मुदतबंद नोंदणी करावी, त्यांच्या शाळा बंद कराव्यात आणि वृत्तपत्रांतील त्यांच्या प्रचारास मनाई करावी, ही त्याची मुख्य कलमे होत. मेइजीकालीन जपानचे उदाहरण डोळ्यांपुढे होतेच. वैद्यांना व्यवसायातून हुसकावून लावण्यापेक्षा नवे वैद्य निर्माणच होऊ द्यायचे नाहीत, असे हे धोरण होते. म्हणूनच त्यात शाळा बंद करण्याच्या कलमाला एवढे महत्त्व होते. १७ मार्च १९२९ रोजी देशभरच्या वैद्यसंघांचे प्रतिनिधी शांघायमध्ये एकत्र जमले, त्यांचे शिष्टमंडळ नानजिंगला गेले, आणि प्रस्तावाची अंमलबजावणी झाली नाही. परंतु वैद्यकशाळांना ‘शाळा’ हे नावही लावू न देण्याचा हुकूम त्याच वर्षी निघाला. शासनमान्य शिक्षणाचा प्रश्न पुढील पाव शतक अनिर्णीतच राहिला.

१९४९ नंतर नव्या राजवटीने लगोलग परंपरेची बाजू घेतली, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. आधुनिक डॉक्टरांची संख्या परंपरागत वैद्यांच्या मानाने अत्यल्प असल्यामुळे वैद्यांस दूर सारणे अशक्य होते. म्हणून १९५० च्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेत दोन्ही वैद्यकांच्या ऐक्याचे सूत्र स्वीकारले गेले. व्यवहारात मात्र या ऐक्याचा अर्थ एकतर्फी होता. वैद्यांनी सुधारणाशाळांत जाऊन शरीररचना आणि जंतुशास्त्र शिकावे, अशी अपेक्षा होती. डॉक्टरांनी चिनी वैद्यक शिकावे, अशी नव्हती. १९५४ मध्ये हे धोरण पालटले. आरोग्य मंत्रालयातील ह चेंग आणि वांग बिन या अधिकाऱ्यांवर कठोर टीका झाली. डिसेंबर १९५५ मध्ये बीजिंगला चिनी वैद्यकाची संशोधन अकादमी स्थापन होऊन तेथे आधुनिक डॉक्टरांसाठी चिनी वैद्यकाचा वर्ग सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी चार महाविद्यालये निघाली.

इमारती आणि अनुदान मिळाले तरी शिकवावे कोणी आणि काय, हा प्रश्न उरलाच. शांघायचे पहिले प्राचार्य चेंग मेनश्वे हे दिंग गानरेन यांच्याच शाळेत शिकलेले होते. म्हणजे तेथे जुन्या खासगी शाळेचा धागा तुटला नव्हता. बीजिंगला मात्र नानजिंगच्या वैद्यकशाळेतून अध्यापक आणावे लागले. याच नानजिंगच्या संस्थेने १९५८ मध्ये चिनी वैद्यकाची रूपरेषा सांगणारा ग्रंथ सिद्ध केला, आणि १९६० पासून देशभर एकसारखी पाठ्यपुस्तके येऊ लागली. परस्परविरोधी संप्रदाय, प्रांतोप्रांतीचे भेद आणि टीकाकारांचे मतभेद यांनी गजबजलेली परंपरा या पुस्तकांत प्रकरणवार, सुसंगत सिद्धान्त म्हणून अवतरली. रोग्याची जीभ, नाडी आणि तक्रारी यांवरून विकाराचे लक्षणस्वरूप निश्चित करावे आणि त्यानुसार उपचार ठरवावा, हे तत्त्व चिनी वैद्यकाचे मर्म म्हणून पुढे आले. त्याची बीजे प्राचीन ग्रंथांत आहेत. परंतु सर्व शास्त्राचे अधिष्ठान हे त्याचे स्थान १९५० च्या दशकातील आहे.

या रूपांतराची किंमत प्रथम ओळखली ती परंपरेच्याच पाठीराख्यांनी. १९६२ साली पहिली तुकडी सहा वर्षांचा अभ्यास संपवून बाहेर पडत असता बीजिंग महाविद्यालयातील पाच ज्येष्ठ अध्यापकांनी आरोग्य मंत्रालयास निवेदन दिले. छिन बोवेइ आणि रेन यिंगछ्यू हे त्यांपैकी होते. पदवीधरांना प्राचीन ग्रंथ स्वतंत्रपणे वाचता येत नाहीत आणि वैद्यकाच्या मूलभूत शिक्षणात ते उणे पडतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अभिजात चिनी भाषेचे आणि मूळ ग्रंथांचे अध्यापन वाढवावे, पठणास पुन्हा स्थान द्यावे, ही त्यांची मागणी होती. हा वाद वरवर पाहता तासिकांचा होता. वस्तुतः पाठ्यपुस्तक हे ग्रंथांच्या जागी येऊ शकते काय, हा त्यातील प्रश्न होता. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हेच निवेदन त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र म्हणून वापरले गेले. छिन बोवेइ १९७० मध्ये निवर्तले.

पुढे १९८२ च्या राज्यघटनेने आधुनिक आणि परंपरागत या दोन्ही वैद्यकांच्या विकासाचे दायित्व राज्यावर टाकले. बीजिंग व शांघायची महाविद्यालये १९९३ मध्ये, तर ग्वांगजौ व चेंगदूची १९९५ मध्ये विद्यापीठे झाली. केवळ या विस्तारावरून १९५६ च्या निर्णयाचे मूल्यमापन करणे उचित होणार नाही. १९२९ च्या प्रस्तावाने शाळाच बंद करून जी परंपरा एका पिढीत संपविण्याचा मार्ग सुचविला होता तिला या निर्णयाने शिष्यपरंपरा मिळवून दिली, हे निर्विवाद आहे. परंतु नव्या शिष्याला ती गुरूच्या औषधयोगांतून नव्हे, तर पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणांतून भेटली. रक्षण आणि रूपांतर या येथे दोन पर्यायी घटना नव्हत्या. रूपांतराच्या वाटेनेच रक्षण झाले, आणि त्या वाटेवर काय गळाले याचा पहिला प्रामाणिक हिशेब १९६२ च्या त्या निवेदनात आढळतो.