परसातल्या कोंबडीचा जमाखर्च

जुळे सोलापूरच्या सिमेंटच्या रस्त्यांखाली कधीकाळची ज्वारीची रानं आहेत. 1992 च्या हद्दवाढीत मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे ही गावं सोलापूर महापालिकेत आली. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात सोसायट्यांचे प्लॉट पडत गेले, नोकरदारांची घरं उठली. रानं गेली, कोंबडी मात्र राहिली. गावठाणातल्या परसात, बांधकामावरच्या वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीमागे, मोकळ्या प्लॉटावरच्या वेड्या बाभळीखाली ती माती उकरतच राहिली.

सोलापुरात ती प्रत्येक दारात कधीच नव्हती. लिंगायत, जैन, ब्राह्मण घरांनी तिला उंबऱ्यापासून दूर ठेवलं. मराठा, धनगर, मुसलमान, दलित आणि तेलुगुभाषक विणकरांच्या घरांत ती वावरली, आणि तिथंही ती बाईची होती. शेत नवऱ्याच्या नावावर, बैल घराचे. खुराड्यातल्या चार-पाच कोंबड्यांचा पैसा मात्र तिच्या हातात यायचा. पोराची वही, चहापत्ती, माहेरी जायचं एसटीचं भाडं त्यातून निघे. भांडवल म्हणावं तर उष्टं-खरकटं, दळणातली चाळण आणि रात्री झाकायला एक डालगं. ज्या घरात रोख पैसा आठवड्याच्या पगाराला किंवा सुगीलाच दिसायचा, तिथं रोजचं अंडं ही मोठी गोष्ट होती.

या संसाराला स्वतःचं शास्त्र होतं. खुडूक झालेली कोंबडी ओळखायची, पाटीत भुसा किंवा राख घालून तिला रवणावर बसवायचं, अंडी दिव्यासमोर धरून फलित कोणती ते पाहायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटली की घार, मांजर, मुंगूस यांच्यापासून ती राखायची. त्यातली तलंग अंड्यासाठी ठेवायची. कोंबडा आखाडात मरीआईला किंवा लक्ष्मीआईला जायचा, नाहीतर जावई आल्यावर रश्शात पडायचा. पोरांनी नाव ठेवलेला, हाक मारली की धावत येणारा कोंबडा कापायची वेळ आली की घरात रडारड व्हायची, आणि ती खरी असायची.

पण खुराडं रिकामं करायची ती मर. सकाळी झाकण उघडावं तर दोन कोंबड्या मान पिळवटून पडलेल्या, तिसरी हिरवट हगवणीनं गळालेली. आठवड्यात सगळं संपलं. गावोगावच्या बाया हिला मानमोडी म्हणतात. 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा रोग नोंदला गेला, पुढच्याच वर्षी कुमाऊँतल्या राणीखेतला तो सापडला, आणि आपल्याकडे कागदोपत्री राणीखेत हेच नाव रूढ झालं. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत 1940 च्या दशकातच त्यावर लस तयार झाली होती. म्हणजे उपाय जवळजवळ ऐंशी वर्षं हाताशी आहे, तरी परसातली कोंबडी मानमोडीनं मरतेच आहे. लसीची बाटली सहसा शंभर-दोनशे मात्रांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीनं ती कशासाठी फोडायची? बाटली मोठ्या शेडच्या हिशेबानं भरली गेली, म्हणून ती शेडमध्येच पोचली.

शेडचा काळ लसीनंतर आला. स्वातंत्र्यानंतरच्या योजनांत पांढरी लेगहॉर्न आणि तांबडी ऱ्होड आयलंड रेड यांचा प्रसार झाला. 1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे या धंद्याचं मोठं केंद्र झालं. 1982 मध्ये अंड्याचे भाव ठरवण्यासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या घरात. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, हे मोठंच काम झालं. मग परसासाठीही सुधारित जाती निघाल्या: बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज. त्या वजनदार आहेत आणि अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. रवणाची पाटी अडगळीत गेली आणि दर खेपेला पिल्लं विकत आणणं आलं. हे नुकसान कुठल्या हिशेबात धरलं जात नाही, धरायला हवं.

 

बर्ड फ्लूची गोष्ट मानमोडीहून वेगळी. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक जाहीर झाला तो मोठ्या पोल्ट्र्यांत. पण मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग सापडला तो घरगुती कोंबड्यांत. रोग आढळला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जातात, आजारी असोत वा धडधाकट. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात हेच झालं. 2025 च्या मार्चमध्ये सोलापुरात कावळे मरून पडू लागले, विजापूर रस्त्यावरच्या धर्मवीर संभाजी तलावाच्या परिसरातही, आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. हा तलाव जुळे सोलापूरच्या वाटेवरच आहे.

इतकं सोसूनही लोकांनी कोंबडी सोडलेली नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या 31 कोटी 70 लाखांवर होत्या, 2012 पेक्षा सुमारे 46 टक्के जास्त. व्यावसायिक पक्ष्यांची वाढ होती साडेचार टक्के.

जुळे सोलापुरात अजून मोकळे प्लॉट आहेत, कडुनिंबाची सावली आहे, मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की कोंबड्यांसाठी मातीच्या परातीत पाणी ठेवणाऱ्या बायका आहेत. त्यांना योजनेपेक्षा शेजार जास्त उपयोगी पडेल. फेब्रुवारीत, ऊन तापण्याआधी, गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून मानमोडीच्या दोन लसींची एकेक बाटली आणायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची, आणि दिवस उगवायच्या आत, कोंबड्या अजून खुराड्यात असतानाच, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाला घेऊन दारोदार फिरायचं: पिल्लांच्या डोळ्यात लासोटा लसीचा एकेक थेंब, आठ आठवड्यांवरच्यांना पंखाखाली आर-टू-बी लसीची सुई.