सबबीकडून हक्काकडे

आपल्या नगर शहराला, आजच्या अहिल्यानगराला, शिक्षणाच्या इतिहासात मानाचे पान आहे. येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यास परतले व १८४८ साली त्यांनी स्वतःची शाळा काढली. मिस फरार ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या, त्याच मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. अंध मूलही शिकते, हे लोकांना दिसले. परंतु ते दयेचे काम होते. दया मिळाली तर आभार मानावयाचे, न मिळाली तर गप्प बसावयाचे.

कायदा तरी काय म्हणत होता? दिल्लीचा १९६० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा पाहा. मूल शाळेत न धाडणे हा पालकाचा गुन्हा. पण मुलाचे व्यंग ही वाजवी सबब. जवळपास खास शाळा नसली, की पालक सुटला आणि मूल घरी राहिले.

१९९५ च्या कायद्याने हे पारडे फिरविले. अपंग मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर आली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ज्याचे अपंगत्व निदान ४० टक्के आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलासाठी जवळची शाळा घ्यावी की खास शाळा, ही निवडही दिली.

पण कायदा आपल्या पायांनी घरी येत नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. मागितल्यावाचून तो कोणा विडी कामगाराच्या हातावर पडला नाही. आमच्या एका विडी कामगार भगिनीची मुलगी बहिरी. शाळेत तोंडी उत्तर मिळाले, "येथे सोय नाही." बाई निमूट परतल्या. आम्ही युनियनच्या कचेरीत बसून अर्ज लिहिला, जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडले, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तोंडी नकार देणारे लेखी नकार देण्यास धजले नाहीत. मुलगी पटावर आली. खुणांची भाषा जाणणारा शिक्षक मात्र अद्याप आलेला नाही. त्यासाठी दुसरा अर्ज गेला आहे. तेथे दाद न लागल्यास पुण्यास दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते, हे आता त्या बाईच इतरांना सांगतात.

सभाजनहो, शाळेच्या दारात आपल्या मुलासाठी उभी असलेली आई भीक मागत नसते. तिच्या अर्जाची पोच द्या.