वादळाचा पाठलाग: टोर्नॅडोचा थरार आणि मराठवाड्यातल्या विजा

'ट्विस्टर्स' (२०२४) पाहिल्यावर अनेकांना प्रश्न पडतो, की ही माणसं मुद्दाम टोर्नॅडोच्या तोंडाशी गाडी का नेतात? थरार हे एक कारण आहेच. दुसरं कारण तांत्रिक आहे. डॉप्लर रडार वाऱ्याचा वेग आणि ढगातलं फिरणं ओळखतं, पण त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. १०० किमीवर सगळ्यात खालचा किरणही जमिनीपासून साधारण दीड किमी उंच गेलेला असतो. घरं उडतात ती त्याच्या खाली. तिथलं मोजायचं तर कुणीतरी जवळ जाऊन यंत्र ठेवावं लागतं.

टिम समारस या अमेरिकन इंजिनिअरने नेमकं हेच केलं. त्याचं उपकरण दिसायला पालथ्या घमेल्यासारखं: जड, बुटकं, उतरत्या कडांचं. वारा त्याला उचलण्याऐवजी खाली दाबेल असा आकार. २४ जून २००३ ला साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ टोर्नॅडो त्यावरून गेला आणि हवेचा दाब १०० मिलिबारने उतरल्याची नोंद झाली.

याच समारसचा ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनो इथे मृत्यू झाला. सोबत मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंगही गेले. तो टोर्नॅडो सुमारे ४.२ किमी रुंद होता, त्याने अचानक दिशा बदलली आणि वेगही वाढवला. पाठलाग करणाऱ्यांत सावध म्हणून ओळखला जाणारा माणूस गेला, म्हणून ही घटना आजही शिकवली जाते. त्या संध्याकाळी ओक्लाहोमा सिटीभोवतीचे रस्तेही गाड्यांनी तुंबले होते. अशा वेळी हौशी माणसाची गाडी अँब्युलन्सची वाट अडवते.

आपल्याकडे काय?

एप्रिल-मेमध्ये मोकळ्या रानात गरगरत जाते ती वावटळ. ती तापलेल्या जमिनीवरून वर चढते, डोक्यावर ढग असावाच लागत नाही. टोर्नॅडो मात्र गडगडाटी ढगाशी जोडलेला असतो. भारतात तो मुख्यतः पूर्वेकडे होतो, जसा ३१ मार्च २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये मयनागुडीला झाला. (फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात मुळा-मुठेवर दिसलेला 'टोर्नॅडो' कीटकांचा थवा होता!)

ढगांच्या मागे जाणारे आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने २००९ पासून 'कायपिक्स' प्रयोगात विमानं थेट ढगांत नेली. पुढे सोलापूर भागात २७६ ढगांची निवड करून कृत्रिम पावसाची चाचणीही झाली. आपल्या शहरात २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी विभागीय आयुक्त कार्यालयावर रडार बसवलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. मुंबईचं रडार इथून सुमारे २८० किमी दूर. वरचंच गणित लावलं तर त्याचा किरण आपल्या डोक्यावरून साधारण सात किमी उंचीवरून जातो. म्हैसमाळच्या डोंगरावर रडार बसवायची घोषणा का झाली, ते यावरून कळेल.

खरा धोका विजेचा

वळवाचा ढग बघायला बाइक काढून म्हैसमाळ किंवा दौलताबादकडे जाणारे पुष्कळ आहेत. ढग तिथून सुंदर दिसतो, खरंय. पण उघड्या पठारावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. बाइक कसलंही संरक्षण देत नाही. टायर रबराचे असले तरी नाही. पत्र्याच्या छताची बंद कार चालते, कारण वीज बाहेरच्या धातूवरून जमिनीत जाते. झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. वीज झाडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. शेतात बांधावरच्या झाडाखाली आसरा घेणाऱ्यांचे जीव असेच जातात.

यासाठी आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे. वीज चमकली की रेडिओ लहर निघते (जुन्या रेडिओवर तीच खरखर ऐकू यायची). देशभरातले ८० हून अधिक सेन्सर ती लहर पोचल्याची अचूक वेळ नोंदवतात आणि वेळेतल्या फरकावरून जागा काढतात. तुमच्या भोवती २० ते ४० किमीत विजा पडत असतील तर ॲप इशारा देतं. पण वादळात टॉवरच बंद पडला तर? मग सेकंद मोजा. आवाजाला एक किमी यायला सुमारे तीन सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी, म्हणजे वीज दहा किमीच्या आत; पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. फोटो तिथूनही निघतो.

काढलेल्या व्हिडिओचं काय करायचं?

इथे जबाबदारी सुरू होते. आधी पुढच्या गावात कुणी ओळखीचं असेल तर फोन करा. ढग त्यांच्याकडे निघालाय हे त्यांना अर्धा तास आधी कळणं फार मोलाचं. कुणावर वीज पडली असेल तर ११२ ला कळवा आणि लगेच मदत करा. त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर सीपीआर द्या.

गारांचा फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा, आकार कळतो. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते. म्हणूनच जुने आणि परदेशातले व्हिडिओ दरवर्षी 'आत्ता वैजापूरला' म्हणून फिरू शकतात. गाव, तारीख, वेळ मेसेजमध्ये लिहा आणि मूळ फाइल पंचनामा होईपर्यंत डिलीट करू नका.