वर्धा स्टेशनला उतरलात, आता पुढे?

क्रूझवाले बंदरात उतरले की प्रश्न दोनच: बघायचं काय आणि जेवायचं कुठे? आपल्या वर्ध्याला समुद्र नाही, स्टेशन आहे. १९३६ साली गांधीजी जवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले आणि जगभरातले पाहुणे या स्टेशनवर उतरू लागले.

जून १९४२. अमेरिकन पत्रकार लुई फिशर आला. रात्र वर्ध्यात काढली, सकाळी टांगा केला. सोबतीला कोण? गांधीजींचे दातांचे डॉक्टर! पाच मैलांवर आश्रम.

तिथे जेवणाची वेळ पाहुण्याने ठरवायची नाही. एक जेवण सकाळी अकराला, दुसरं सूर्यास्ताआधी. ताटात बिनमसाल्याची उकडलेली भाजी. दोन-तीन दिवसांत फिशर कंटाळला. गांधीजींनी उपाय सुचवला, मीठ-लिंबू घाला!

हसू येतं ना? पण याच आठवड्यात गांधीजी त्याला रोज तासभर वेळ देत होते. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत पोचलं असताना इंग्रजांना जा कसं म्हणता, हा त्याचा प्रश्न. गांधीजींचं म्हणणं असं की दोस्तांचं सैन्य राहू दे, पण राज्य सोडा. १४ जुलैला वर्ध्यातच काँग्रेस कार्यसमितीने तसा ठराव केला, आणि ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’.

फिशर धावती भेट देऊन गेला असता, तर त्याला फक्त बेचव भाजी आठवली असती. तुम्ही वर्ध्याला उतराल तेव्हा गोरसपाक जरूर खा, पण आधी बापू कुटीत निवांत बसा.