कोयनेचे साल

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे छोटे परिचयलेख वाचताना एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते. बंगालचा दुष्काळ १९४५, चीनचे युद्ध १९६२, पाकिस्तानचे आक्रमण १९६५ आणि कोयनेचा भूकंप १९६२; या सगळ्या प्रसंगी महाराज मदतीला धावले. मीही हे वाक्य एका स्मरणिकेसाठी जसेच्या तसे उतरवून दिले होते. इतिहासाची पदवी नसलेल्या माणसाचा छापील अक्षरावर जरा जास्तच विश्वास असतो.

कोयनेचा तो विनाशकारी भूकंप १९६२ चा नाही. तो झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. कोयनानगरातली बहुतेक घरे बसली, दोनशेच्या आसपास माणसे गेली, वीजगृह बंद पडून मुंबईचा वीजपुरवठा तुटला. मग १९६२ आले कुठून? मला दोन वाटा दिसतात. धरणात पाणी साठू लागले ते त्या सुमारास, आणि त्यानंतर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले. दुसरी वाट साधी आहे: त्याच वाक्यात चीनच्या युद्धाचे साल आहे, ते उतरवणाऱ्याच्या हातून शेजारी सरकले असावे. मला ही दुसरी जास्त पटते. बंगालच्या दुष्काळाचे साल तरी कुठे नीट आहे? त्याचा कहर १९४३ चा.

पाच वर्षांनी काय बिघडते, असे मला एका जाणत्या गृहस्थांनी विचारले. बिघडते ते असे. महाराजांचा जन्म १९०९ चा, यावलीचा. १९६७ च्या डिसेंबरात ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. म्हणजे कोयना ही त्यांच्या मधल्या धावपळीतली एक नोंद राहत नाही, ती अखेरच्या दहा महिन्यांच्या उंबरठ्यावर येते. मोझरीपासून कोयनेचे नुसते हवाई अंतर साडेपाचशे किलोमीटरांवर. तिकडच्या पडलेल्या घरांशी वऱ्हाडाचे ना नाते ना सोयरीक.

तरी मदतीचा हात तिकडे वळला, तो का, याचे उत्तर मला महाराजांच्या एकट्याच्या थोरवीत शोधावेसे वाटत नाही. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा होत्या, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला माणसे एका सतरंजीवर बसत. रोज एकत्र बसणाऱ्यांना संकटाच्या दिवशी बोलावणे धाडावे लागत नाही. चरित्रकारांनी प्रार्थना भक्तीच्या प्रकरणात घातली आणि मदतकार्य समाजसेवेच्या. गावात ती एकच माणसे होती.

हे मी पाहिलेल्या गोष्टीवरून म्हणतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हलली. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झाली होती. विसर्जनाहून परतलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. लातूर-उस्मानाबादची बावन्न गावे मोडली, दहा हजारांच्या आसपास जीव गेले. अकोल्यात आमचाही गणपती रात्रीच शिरवला होता. मंडळाकडे वर्गणीचे पैसे उरले होते, वही उघडीच होती. त्याच वहीत, झांजवाल्यांच्या बिदागीखाली, आम्ही ज्वारी लिहायला सुरुवात केली.

वाशीम, हिंगोली, नांदेड करत आमचा ट्रक लातूरला पोचला, पुढे मात्र गेला नाही. मदतीची आणि बघ्यांची वाहने, वरून पाऊस. माल लातुरातच उतरवला. आम्ही नेलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी पाहून तिथला एक शिक्षक म्हणाला, "पोरांनो, हे परत न्या. आम्हांला ताडपत्री पाहिजे." तेव्हा राग आला होता. आता वाटते, त्या प्रवासात आम्हांला मिळालेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच.

ती वही गेल्या वर्षी मला मंडळाच्या पेटीत सापडली. "पायलीभर ज्वारी", "चादर १", "रोख ११ रु." अशा ओळी आहेत. पुरुषांची नावे आहेत. बायांची फारशी नाहीत. एके ठिकाणी नुसते "एक बाई, लुगडे, कोरे" एवढेच. आणि पानाच्या माथ्यावर "भूकंप फंड" लिहिले आहे, साल नाही. आम्हांला लिहायची गरज वाटली नव्हती. ते कोणाला ठाऊक नव्हते? पन्नास वर्षांनी माझ्यासारखाच कोणी ती वही उघडेल आणि शेजारच्या पानावरचे साल उचलून तिथे बसवेल.

मी पेन्सिलीने १९९३ लिहून ठेवले आहे.

तिवसा, चांदूर, दर्यापूर, मूर्तिजापूर भागांत जुन्या सेवा मंडळांच्या वह्या अजून कोणाच्या माळ्यावर असतील. १९६७ च्या डिसेंबरापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतची पाने कृपा करून रद्दीत घालू नयेत. संपादकांकडे कळवल्यास मी स्वतः येऊन, तिथेच बसून, उतरवून घेईन.