बाप, लेक आणि मधली दहा वर्षं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९४१ साली एडवर्ड ओ'कॉनर ल्यूपसनं वारले. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. दहा वर्षांनी तोच आजार तिच्यातही निघाला. ती कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर. मला ल्यूपसचं निदान झाल्यापासून मी या बापलेकीचा विचार करत आले आहे. आजार एकच, पण मधल्या दहा वर्षांत बरंच बदललं होतं.

ल्यूपसमध्ये कुंपणच शेत खातं. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उठते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचून पाहिलं. परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, स्वतःच्या पेशींविरुद्ध नाही. शरीर स्वतःवर उलटणं टाळतं, असं त्यानं मांडलं. पुढची काही दशकं बहुतेकांनी त्याचा अर्थ 'असं होतच नाही' असा घेतला. जे होतच नाही, ते शोधणार कोण?

१९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांना ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पांढरी पेशी दिसली. तिनं दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेलं होतं. ही 'एल. ई. पेशी'. आता गालावरच्या चट्ट्यापलीकडचा, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येणारा पुरावा हाती आला. त्याच वर्षी, त्याच संस्थेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिलं आणि स्टिरॉइडचं युग सुरू झालं.

त्यामुळे फ्लॅनरीला १९५१ साली निदानही मिळालं आणि औषधही. पण आईनं तिला सांगितलं, संधिवात आहे. खरं नाव तिला १९५२ साली एका मैत्रिणीकडून कळलं. पुढे कुबड्या आल्या, तरी ती रोज सकाळी लिहायला बसायची. शेतावर मोर पाळायची. १९६४ साली, ३९व्या वर्षी ती गेली. पण निदानानंतरची तेरा वर्षं तिनं लिहून काढली.

माझे सांधे दुखायचे, उन्हात गेलं की गाल लाल व्हायचे, जिना चढला की गळून जायचे. दीड वर्ष सगळे म्हणत होते, जागरणं कमी कर. मग ए.एन.ए. पॉझिटिव्ह आली. तेवढ्यानं ल्यूपस ठरत नाही, म्हणून पुढच्या तपासण्या झाल्या. लघवीत प्रथिनं सापडली. मूत्रपिंडाला सूज आली तरी बरेचदा काही दुखत नाही, म्हणून वेळेवर कळणं इतकं महत्त्वाचं. आता रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, उन्हात टोपी, ठरावीक काळानं लघवीची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांची.

आमच्याकडेही नातेवाइकांना 'हिला थोडा संधिवात आहे' असंच सांगितलं जातं. लग्नाच्या वयाची मुलगी, लोक काय म्हणतील? त्यामागची माया मला कळते. पण हा आजार कधीकधी एकाच घरात पुन्हा डोकावतो, आणि तरुण मुलींना जास्त गाठतो. माझी मामेबहीण एकोणीस वर्षांची आहे. तिला मी खरं नाव सांगितलंय, स्पेलिंगसकट.