वर्धेच्या मुलखातील ळकार

सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वेहून निराळे, वर्धा शहराला खेटून वसलेले सिंदी मेघे हे गाव. येथील जुन्या रहिवाशांच्या तोंडी डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते, आणि पुणेरी पुस्तके घोकलेला मास्तर त्यास अशुद्ध ठरवून मोकळा होतो. भाषेचे जुने दप्तर उघडून पाहता हा निवाडा टिकत नाही, असे माझे मत आहे.

प्राकृतात दोन स्वरांमधील एकेरी लकार आणि जोडाक्षरापासून झालेला दुहेरी लकार भिन्न होते. मराठीत एकेरीचा ळ झाला, दुहेरीचा ल उरला. म्हणूनच ‘काल’ या संस्कृत शब्दाचा आपल्याकडे काळ झाला, आणि ‘कल्य’पासून ‘कल्ल’ या पायरीने उतरलेला आदला दिवस मात्र काल राहिला. झ्यूल ब्लॉक यांच्या ज्या ग्रंथाचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली मराठीत भाषांतर केले, त्यात या घडामोडीचा साक्षेपी विचार आहे.

आता ळ म्हणताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूस लावावयाचे आणि श्वास कडांनी सोडावयाचा, हे काम श्रमाचे. जगातील बहुसंख्य भाषांत हा वर्ण नाहीच. उच्चार सुकर असावा हे एक तत्त्व, वाडवडिलांकडून आलेला वर्णभेद अभंग राहावा हे दुसरे. दोन्ही सार्वत्रिक, परंतु परस्परांच्या आड येणारी. ॲलन प्रिन्स व पॉल स्मोलेन्स्की यांनी १९९३ मध्ये असे प्रतिपादन केले की, तत्त्वे सर्व भाषांत तीच असतात, प्रसंगी भंगही पावतात, भाषेगणिक बदलतो तो त्यांचा अग्रक्रम. (दोन सूत्रे समबळाने भिडल्यास नंतरचे प्रबळ मानावे, असा निवाडा पाणिनीने देऊन ठेवलाच होता, पण तो एका भाषेपुरता.) प्रमाण मराठीने वर्णभेदास वरचे आसन दिले, म्हणून तिचा ळ शाबूत. किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलींनी जीभ सरळ केली, लकार राखला आणि डोला म्हटले. तेथे काळ व काल एकरूप झाले. वर्धेकडे लकारच सोडून य घेतला. त्यामुळे काळाची गाठ प्रश्नार्थक ‘काय’शी पडली खरी, तथापि काल कालच राहिला, आणि प्राकृतापासून चालत आलेली एकेरी-दुहेरी लकारांमधील मेर येथे मोडली नाही.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या अमलाखाली गेले, वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून निर्माण झाला, आणि ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात वऱ्हाडी व नागपुरी अशी दोन नावे मांडली. यकाराने मात्र या दोन मुलखांमधली वर्धा नदी ओलांडताना कोणाचाही परवाना मागितला नाही.

णकाराचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. येथे पाण्याचे पानी होते. हा सुकरतेचा विजय म्हणावा, तर याच महाराष्ट्राचे नाव धारण करणाऱ्या प्राकृताने एके काळी सरसकट नकाराचा णकार केला होता आणि प्राकृताचा व्याकरणकार वररुची याने त्याचा नियमच घालून दिला होता. पुढे मराठीने शब्दारंभीचा आणि दुहेरी णकार न करून घेतला, एकेरी तेवढा राखला. म्हणून ‘कर्ण’चा कान, पण ‘पानीय’चे पाणी. लकाराच्या बाबतीत जी मेर सिंदी मेघेने जपली, तीच णकाराच्या बाबतीत तिने सुखाने नांगरून टाकली.